हळदीच्या गाण्यातलं नाव

ती कॅसेट तुमच्या घरातही असेल. नसेल तर शेजारी असेल, नाहीतर मंडपवाल्याकडे तरी असेलच. पिवळं कव्हर, वर कलशाचं चित्र, अन् खाली 'जय कानबाई संगीत पार्टी, पारोळा : गाजलेली गाणी'. धुळे-जळगावकडे गेल्या सहा-सात वर्षांत तिच्याशिवाय लग्न लागलेलं मी तरी पाहिलं नाही. त्यातलं हळदीचं गाणं तर पोरासोरांना पाठ आहे. 'कोनले लागनी व माय, कोनले लागनी?' कोणाला लागली, असं बाई विचारते. मग बाई गप्प, नुसत्या ढोलकीच्या दोन थापा, आणि मग पुन्हा बाई, 'हयद लागनी!' म्हणजे हळद लागली. त्या दोन थापांच्या जागेत मंडपातल्या सगळ्या बायका ओरडून नवरदेवाचं नाव घेतात. लोक म्हणतात, काय डोकं चालवलं बघा, ज्याचं लग्न त्याचं नाव घाला अन् गाणं तुमचं. डोकं कसलं डोकं! त्या जागेत माझ्या भावाचं नाव होतं.

मी झुंबरबाई. माहेर पारोळ्याजवळचं, सासर दोंडाईचा. गाणारी ती भागाबाई, माझ्या धाकट्या भावाची, अभिमनची बायको. कव्हरवर तिचा फोटो नाही अन् नावही नाही, म्हणून मला सांगत फिरावं लागतं.

भागा शिरपूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा एवढीशी, सावळी, मान खाली. आम्हाला वाटलं मुकीच आहे की काय. पहिल्या श्रावणात घरात कानबाई देवी बसली, नैवेद्याचे रोट झाले, बायका गायला बसल्या आणि ही मागून हळूच सूर धरायला लागली. थोड्या वेळाने बाकीच्या बायका आपोआप गप्प झाल्या. ओसरीवरचे पुरुष आत डोकावायला लागले. अभिमन झुलालच्या पार्टीत बेंजो वाजवायचा. दिवसा शेत अन् लग्नसराईत बेंजो, असं त्याचं चालायचं. त्याने दुसऱ्याच दिवशी झुलालला घरी आणलं.

आमचे आबा तापले. घरची सून मंडपात माणसांपुढे गाणार? मी तेव्हा माहेरी आलेली. मी आबांच्या समोर उभी राहिले. म्हटलं, कानबाईपुढे गाते तेव्हा तुम्ही डोळे मिटून डुलता, अन् चार माणसांपुढे गायली की लगेच बाटली का? आबांनी माझ्याकडे पाहिलं, पागोटं उचललं अन् शेतात निघून गेले. आमच्या घरात होकार असाच मिळायचा.

मग काय, लग्नसराई आली की टेम्पोत पुढे भागा अन् झुलाल, मागे अभिमन, ढोलकीवाला नथ्थू अन् सगळं सामान. तिची एक रीत होती. हळदीचं गाणं सुरू करायच्या आधी ती नवरदेवाच्या आत्याला बाजूला घ्यायची, नाव विचारायची, तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघायची आणि मग गाण्यात असं बसवायची की गाणं त्याच्यासाठीच बांधलंय असं वाटावं. लोटनचं लग्न असेल तर 'लोटनले लागनी व माय', जीवरामचं असेल तर जीवरामले. आपल्या पोराचं नाव तिच्या गळ्यातून ऐकलं की आया पदर डोळ्याला लावायच्या. बायका तर म्हणायच्या, भागानं नाव घेतल्याशिवाय हळद चढत नाही.

पंच्याऐंशी साली धुळ्याच्या मगनशेठने कॅसेट काढायचं ठरवलं. त्याचं कॅसेटचं दुकान, अन् वर माडीवर मशीन. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, बाहेर चैत्राचं ऊन. मी त्या दिवशी हौसेने गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. भागा गायला लागली. 'कोनले लागनी?' म्हणाली अन् गाडी अडली. नाव कोणाचं घ्यायचं? इथे ना नवरदेव, ना त्याची आत्या.

झुलाल म्हणाला, "कोन्हं बी नाव ले व भागा."

"कोन्हं लेऊ? नवरदेव कोठे शे आठे?"

झुलालचं घ्यावं तर त्याची बायको केस धरून भांडली असती. नथ्थूचं लग्न ठरत नव्हतं, तो म्हणाला माझं घे, तेवढंच पुण्य. सगळे हसले. मगनशेठ ओरडला की फीत फुकट जातेय, काय ते लवकर करा. पुन्हा सुरू झालं. 'कोनले लागनी?' अन् भागाने समोर बसलेल्या अभिमनकडे पाहिलं आणि म्हणून टाकलं, "अभिमनले लागनी व माय!"

नवऱ्याचं नाव! अहो, मी आमच्या ह्यांचं नाव आजवर उखाण्याशिवाय घेतलेलं नाही, अन् ही मशीनपुढे बसून गाते! अभिमनचा हात असा दचकला की बेंजोची भलतीच तार वाजली. मगनशेठने फीत थांबवली नाही. जुन्या कॅसेटमध्ये ती चुकलेली तार ऐकू यायची. नावाच्या लगेच मागे, 'टिंग' करून. मला त्या गाण्यातलं तेच सगळ्यात आवडायचं.

कॅसेट निघाली अन् गाव वेडं झालं. ज्या बायका पाणवठ्यावर नाक मुरडायच्या की काय बाई निलाजरी, त्याच घरी जाऊन टेप लावायच्या. पार्टी एका दिवशी एकाच गावाला जाऊ शकते, कॅसेट मात्र सगळीकडे. मंडपात पाटावर बसलेला रुपचंद असो नाहीतर जीवराम, टेपमधून हळद लागायची ती अभिमनला. लोक हसायचे, चालवून घ्यायचे. अभिमन बाजारात गेला की मित्र विचारायचे, काय रे, आज किती गावांची हळद लागली तुला? तो बाही वर करून हात दाखवायचा, बघ, रंग चढतोय म्हणायचा. फार हसरा होता माझा भाऊ. भागा लाजायची, पण तिला ते आवडायचं, हे मला कळायचं. त्यांची लेक लता झाली, घर भरलं. त्यांची ती चार-पाच वर्षं सुखाची गेली, एवढं मात्र देवाने दिलं.

नव्वदच्या पावसाळ्यात अभिमनला कावीळ झाली.

आधी नुसतं अन्न जाईना. मग डोळे पिवळे, मग नखं, मग सगळं अंग. गावातलं झाडपाल्याचं औषध झालं, मंतरलेलं पाणी झालं, मग धुळ्याला नेला तेव्हा डॉक्टर म्हणाले फार उशीर केलात, दूषित पाण्याने होतं हे, लिव्हर गेलंय. मी उशाशी होते. भागा त्याचे पाय चेपत होती. त्याने आपला हात चेहऱ्यासमोर धरला, उलटा केला, सुलटा केला अन् हसून म्हणाला, "देख व भागा, शेवट तुन्ही हयद माले लागनीच."

थट्टा होती हो ती! जन्मभर थट्टाच करत आला, मरतानाही तोंड बंद ठेवता आलं नाही त्याला. मी रडता रडता हसले. भागा हसली नाही. तिने पाय चेपायचं थांबवलं अन् हात पदरात ओढून घेतले. त्या आठवड्यात तो गेला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. ज्यांच्या घरी ती कॅसेट रोज वाजायची त्यांनीच जिभा सैल सोडल्या. नवऱ्याचं नाव घेतलं की आयुष्य कमी होतं. हिने तर गावोगावी घेतलं. इतक्या मंडपांतली हळद एकट्याच्या अंगावर घातली, मग पिवळा होऊन जाणार नाही तर काय? सुमनबाई म्हणून माहेरच्या गल्लीतली, तिने हे माझ्यासमोर म्हणायची हिंमत केली. मी हातातली घागर खाली ठेवली. म्हटलं, सुमनबाई, तुझा नवरा खोकून खोकून गेला, तू काय त्याच्या नावाने बिडी ओढत होतीस का? त्या दिवसापासून ती मला बघून रस्ता बदलते. मी असल्या कितीजणींशी भांडले ते मलाच आठवत नाही. भागासाठी भांडायला मला कधी कंटाळा आला नाही.

भागा मात्र कोणाला काही उत्तर देत नव्हती. गाणं सुटलं. कापूस वेचायला जायची, यायची. बोलायची, पण कमी. एक नवीनच सवय लागली तिला. कोणालाही नावाने हाक मारेना. लताला 'बेटी' म्हणायची, शेजारच्या पोराला 'ए भाऊ', झुलाल आला तर 'पार्टीवाले उनात' म्हणून आत सांगायची. घरात एक चंद्री नावाची शेळी होती, तिलासुद्धा नुसतं 'ए शेळी'. मला वाटलं, दुःखात माणूस असं तुटक होतं. होईल हळूहळू नीट.

ब्याण्णव साली मगनशेठला पुन्हा सुचलं. जुन्या कॅसेटी घासून गेल्या होत्या, लोक दुकानात येऊन मागत होते. पार्टीची जेवढी गाजलेली गाणी आहेत तेवढी एका कॅसेटीत घालायची, असं त्याने ठरवलं. अन् हळदीचं गाणं नसेल तर बाकीच्यांना कोण विचारतो? झुलाल दोंडाईच्याला माझ्या दारात आला. म्हणाला, अक्का, तुम्हीच समजवा. ते नाव काढावं लागेल. भागाने दुसऱ्या नावाने पुन्हा गायलं तर ठीक, नाहीतर शेठने दुसरी पोरगी बघून ठेवली आहे.

मी तडक धुळ्याला मगनशेठकडे. दुकानात गिऱ्हाईकं उभी, मी त्यांच्यासमोरच सुरू केलं. म्हटलं, नाव राहील. त्या नावावर तुमचं दुकान चाललं. त्याने सगळं ऐकून घेतलं अन् शांतपणे म्हणाला, "बाई, मेलेल्या माणसाला हळद लागली, असं कोण आपल्या पोराच्या मंडपात वाजवेल? तुम्ही वाजवाल?" लई राग आला मला, अन् जास्त राग त्याचं बरोबर होतं म्हणून आला.

भागाला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे होती. नावाचं तिने काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "म्हणजे माले गावाले भेटी, अक्का?" गायला मिळेल का! दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर जीव दिसला. तेव्हा मला कळलं की ही बाई कशाला उपाशी होती. ठरलं मग. दुसरी कोणी पोरगी नको, भागाचं गाणं भागाच गाईल.

पुन्हा तीच माडी, त्याच गोधड्या. बेंजोवर कोणीतरी नवाच माणूस. भागा गायला लागली. दोन वर्षं न गायलेला गळा, पण कसा लागला! नथ्थू ढोलकी वाजवता वाजवता मान खाली घालून रडत होता. 'कोनले लागनी व माय, कोनले लागनी?' आणि तिने ओठ मिटले.

पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच गप्प. मगनशेठ म्हणाला, "अहो कोणतंही म्हणा. नथ्थू म्हणा, लोटन म्हणा." तिने मान हलवली. "बरं, नाव नको, नुसतं 'नवरदेवले' म्हणा. ते तर कुठेही चालेल." त्यालाही तिने मान हलवली, अन् जरा घाबरूनच. झुलालने हात जोडले. ती म्हणाली, जागा मोकळी सोडा, त्या जागेत मी काहीच म्हणणार नाही. बाकी सगळं गाते.

काय सांगू, माझी छाती भरून आली! म्हटलं, बघा रे मेल्यांनो, बायको अशी असते. माझ्या भावाच्या जागी दुसऱ्या कोणाचं नाव बसू द्यायची नाही ती. मी मगनशेठला म्हटलं, ती म्हणते तसं करा नाहीतर आम्ही निघालो. तो चरफडला, पण गळा तसा दुसरा त्याला मिळणार नव्हता. शेवटी नथ्थूने त्या जागेत दोन थापा मारल्या अन् गाणं पुरं झालं. जुन्याच फितीवर नवं भरलं त्यांनी, तशीच त्यांची रीत. त्यात अभिमनचं नाव गेलं अन् ती चुकलेली तारही गेली. कव्हरवर विधवेचं नाव नको म्हणून भागाचंही गेलं.

ती मोकळी जागाच लोकांना इतकी आवडली की कॅसेट पुरेना. पार्टीला कार्यक्रमांना उसंत नाही. पण मंडपात भागाला कोण बोलावणार? तिथे नवी पोरगी. भागा कापूस वेचताना लांबच्या गावातून कर्ण्यावर तिचंच गाणं यायचं, अन् सोबतच्या बाया म्हणायच्या, काय गोड गाते गं कोणीतरी. लताने मला हे सांगितलं. मी दोंडाईचाभर सांगत फिरायचे, ती जागा मोकळी का आहे ठाऊक आहे का? माझ्या भावजयीने माझ्या भावासाठी राखून ठेवली आहे.

सत्त्याण्णवला माझ्या सुकदेवचं लग्न निघालं. माझं एकुलतं पोर. भागाला मी जाऊन घेऊन आले. आली ती सरळ मागच्या अंगणात गेली अन् बट्ट्या भाजणाऱ्या बायकांत जाऊन बसली. हळदीची वेळ झाली, टेप लागला अन् माझं डोकं फिरलं. मंडपात हिचा आवाज अन् ही मागे धुरात! मी गेले, हाताला धरून उठवलं. ती नको नको करत होती. मंडपात नेऊन उभी केली. माझ्या जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, "काय बघता? हिच्या गळ्यावर अख्ख्या खान्देशाची लग्नं लागतात. टेप मागे घ्या. आज माझ्या पोराचं नाव ही घेईल, बाकी कोणी तोंड उघडायचं नाही."

टेप मागे घेतला. सुकदेव पाटावर बसलेला, गालाला हळद, मामीकडे बघून हसत होता. टेपमधली भागा विचारू लागली, 'कोनले लागनी व माय, कोनले लागनी?' दोन थापा वाजल्या. समोरची भागा उभी. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. दुसऱ्या कडव्यालाही तेच. तिसऱ्याला तिने तोंडावर पदर दाबला अन् मागे पळाली. मंडपात कुजबुज झाली. "पाहा, स्वतःचं गेलं म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही," असं कोणीतरी म्हणालंसुद्धा.

मी तिच्या मागे. कोठीच्या खोलीत गाठलं. रागाने मला काही सुधरत नव्हतं. म्हटलं, "भागा, माझा भाऊ तुझ्या मनात आहे, असू दे. पण त्याच्या सख्ख्या भाच्याचं नाव घ्यायला तुझी जीभ एवढी जड झाली?"

तिने दार लोटलं अन् अगदी हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुमना एकच पोऱ्या शे."

मला काही कळेना.

"त्यांचं नाव मी एकदा घेतलं," ती म्हणाली. "मग ते गावोगाव वाजलं अन् ते पिवळे झाले. ते स्वतःच म्हणाले ना तुमच्यासमोर, तुझी हळद लागली म्हणून? मी आता कोणाचं नाव तोंडातून काढत नाही, अक्का. बेटीचंसुद्धा नाही. शेठ म्हणत होता, नवरदेव म्हण. नवरदेव म्हटलं असतं तर जिथे जिथे कॅसेट वाजेल तिथला पोरगा..." तिने पुढचं बोलणं गिळलं.

म्हणजे जागा राखली नव्हती तिने! सुमनबाई जे म्हणत होती तेच ही धरून बसली होती, इतकी वर्षं. मी तिचे दोन्ही खांदे धरले. म्हटलं, अगं वेडे, कावीळ होती ती! पाण्याने झाली! डॉक्टर म्हणाले, तू ऐकलंस ना? तो थट्टा करत होता गं! ती मान हलवत राहिली. "हो अक्का, डॉक्टर म्हणाले," म्हणाली. लहान पोराची समजूत घालावी तसं म्हणाली. मग डोळे पुसले अन् बट्ट्या करपतील म्हणून निघून गेली. अख्ख्या दुनियेशी मी तिच्यासाठी भांडले, पण आता तिच्याशीच काय भांडू? मंडपात बायकांनी वाट बघून टेप पुन्हा मागे घेतला होता अन् त्या सुकदेवचं नाव घेऊन ओरडत होत्या.

यंदा सुकदेवला मुलगा झाला. जन्मल्यावर पोर जरा पिवळसर दिसत होतं. पुष्कळ बाळं दिसतात. दवाखान्यात म्हणाले काळजी नको, अन् झालंही बरं. पण लताकडून ही बातमी भागाच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात सडा घालत होते, तर पारोळ्याहून पहिल्या गाडीने आलेली भागा दारात उभी. डोक्यावर पदर धड नाही, पायात चप्पल नाही. मी म्हटलं, अगं ये, बाळ छान आहे, दूध पितंय. ती आत येईना. उंबऱ्याबाहेरच हात जोडून उभी राहिली.

"अक्का," ती म्हणाली, "मी कोन्हंच नाव लिन्हं नही."